आत्याकडे गेले तर मी मऊ पडेन का?

ताई,

मी चोवीस वर्षांची. गाव बीड जिल्ह्यात. राज्यसेवेच्या अभ्यासासाठी पुण्यात, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. खोलीत आम्ही सहा जणी. आई-बाबा ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की गेले, ते आता मार्च-एप्रिललाच परततील. हा माझा तिसरा प्रयत्न. पहिल्या वेळी पूर्व परीक्षेतच गेले, दुसऱ्या वेळी मुख्यपर्यंत पोचले, पण कट-ऑफ थोडक्यात हुकला.

मी एकच डबा लावलाय. अर्धा दुपारी खाते, अर्धा रात्रीला ठेवते. रात्रीपर्यंत भाजी पुष्कळदा आंबते, मग चहा-बिस्किटांवर भागवते. पैशाची ओढाताण आहेच, पण कारण तेवढंच नाही. गेल्या वर्षी एका सत्कार समारंभात नव्याने निवड झालेले एक अधिकारी म्हणाले, ‘ज्याने उपाशी रात्री काढल्या नाहीत, त्याला यशाची किंमत कळत नाही.’ ते वाक्य मी कॉटशेजारच्या भिंतीला चिकटवलंय.

माझी आत्या कर्वेनगरला राहते. ती सोसायट्यांमध्ये पोळ्या करायला जाते, मामा रिक्षा चालवतात. दोनच खोल्या आहेत. दोघंही वर्षभर मागे लागलेत, की इकडेच राहा, दोन वेळा गरम जेव आणि अभ्यास कर. मी टाळतेय. आयतं मिळायला लागलं की माझ्यातली आग विझेल असं वाटतं. आई रोज रात्री फोनवर विचारते, जेवलीस का. मी हो म्हणते.

गेल्या महिन्यात एका शिबिरात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.६ निघालं. हल्ली एकच पान दोन-तीनदा वाचावं लागतं.

आत्याकडे गेले तर मी मऊ पडेन का? यशासाठी हाल सोसावेच लागतात ना?

— एक वाचक, पुणे

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचताना मी ८.६ या आकड्यापाशी थांबले. बाकीचं नंतर बोलू. तुझ्या वयाच्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात, आणि ८ च्या खाली गेलं की तो तीव्र मानतात. तू त्या दुसऱ्या रेषेच्या अगदी काठावर उभी आहेस. या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात, पण आधी कारण तपासून घे. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, तेही न लाजता सांग. आणि रात्रीचा तो चहा बंद कर. जेवणाबरोबरचा चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, आणि तू तर जेवणाच्या जागीच चहा पितेस. एकच पान तीनदा वाचावं लागतं, त्यात तुझ्या जिद्दीचा काही दोष नाही. डोक्याला पुरेसा प्राणवायू पोचवायला रक्तच कमी पडतंय.

आता तुझा प्रश्न.

मी तेवीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. तुझ्यासारख्या शेकडो मुली माझ्या डोळ्यांदेखत शिकल्या. त्यांच्याकडे बघून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. आपल्या भाषेत कष्ट आणि हाल असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि ते वेगळेच ठेवायला हवेत. कष्ट आपण करतो. हाल आपले होतात. सकाळी सहाला उठून राज्यघटनेची कलमं पुन्हा पुन्हा घोटणं, लिहिलेलं उत्तर फाडून नव्याने लिहिणं, न आवडणारं अर्थशास्त्र सोडून न देणं, हे कष्ट. त्यांना पर्याय नाही, आणि कुणी आहे असं सांगितलं तर ऐकू नकोस. आंबलेली भाजी टाकून उपाशी झोपणं, हे हाल. त्यातून उत्तरपत्रिकेत एक ओळही वाढत नाही.

तुला टाकीच्या घावांची म्हण आठवत असणार. घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे खरंच आहे. पण ती टाकी कुणाच्या हातात असते ते बघ. मूर्तिकाराला नाक कुठे, डोळा कुठे ते ठाऊक असतं. घाव कुठे घालायचा याच्याइतकंच कुठे घालायचा नाही हेही त्याला कळतं. आपल्या रस्त्यांच्या कडेला खडी क्रशर असतात. तिथल्या दगडाला मूर्तीच्या दगडापेक्षा कितीतरी जास्त घाव बसतात. त्याची खडी होते.

तुझी आत्या राहते त्या कर्वेनगरला ज्यांचं नाव आहे, त्यांचीच एक गोष्ट सांगते. तुला ती जवळची वाटेल, कारण तीसुद्धा परीक्षेचीच आहे. धोंडो केशव कर्वे कोकणातल्या मुरूडचे. १८७५ साली त्यांना सहावीची सरकारी परीक्षा द्यायची होती, आणि त्यासाठी साताऱ्याला जायला हवं होतं. अंतर शंभर मैलांहून जास्त. पावसाचे दिवस होते. बरोबरच्या मुलांसोबत ते पायी निघाले. कुंभार्ली घाट चढून, भिजत, पाय सुजलेले, असे चार दिवस चालून साताऱ्याला पोचले. परीक्षा घेणाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही. परीक्षेला बसूच दिलं नाही. आले तसे परत गेले.

ही गोष्ट शाळेत सांगताना आपण घाटापाशी थांबतो. बघा, केवढी जिद्द! जिद्द होतीच, माझंही डोकं तिच्यापुढे नमतं. पण त्या चार दिवसांच्या चालण्याने त्यांना काय मिळालं? काहीही नाही. त्यांचं शिक्षण पुढे झालं ते नंतर मिळालेल्या शाळेमुळे, शिक्षकांमुळे आणि वर्षानुवर्षं केलेल्या गणिताच्या अभ्यासामुळे. मॅट्रिक व्हायला १८८१ साल उजाडलं, तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. वाटेतल्या खाचखळग्यांनी वर्षं खाल्ली.

आणि याच माणसाने पुढे काय केलं ते बघ. १८९६ मध्ये विधवा मुलींसाठी आश्रम काढला, आणि १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर नेला. आज आपण त्याच भागाला कर्वेनगर म्हणतो. फर्ग्युसनमध्ये शिकवून ते रोज पायी चिखल तुडवत तिथे जायचे. चालले ते स्वतः. मुलींना मात्र छप्पर, जेवण आणि शिक्षण एकाच जागी दिलं. आपण घाट चढलो म्हणून यांनीही चढावा, असं त्यांच्या मनातही आलं नाही.

हे तुला इतक्या विस्ताराने सांगतेय, कारण ज्यांनी खरोखर हाल काढले त्या मोठ्या माणसांकडे पाहिलं की हेच पुन्हा पुन्हा दिसतं. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव तुमच्या अभ्यासिकेत रोज निघत असेल. लंडनमध्ये अर्धपोटी राहून ग्रंथालयात दिवस दिवस बसायचे, हे सगळे सांगतात. तेवढंच महत्त्वाचं दुसरं आहे. १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. १९१७ मध्ये तिची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. पुन्हा जायला १९२० साल आलं. तेव्हा गाठीला प्राध्यापकीच्या पगारातली शिल्लक होती, शाहू महाराजांची मदत होती आणि नवल भथेना या मित्राने दिलेले उसने पैसे होते. एवढ्या अफाट बुद्धीच्या माणसाची तीन वर्षं पैशापायी गेली. ती वर्षं नसती गेली तर ते कमी मोठे झाले असते का? पुढे त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभं केलं. आपल्या मागून येणाऱ्या मुलांची वर्षं तशी जाऊ नयेत, यासाठी ते झटले.

साताऱ्यात भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातली मुलं शेतात राबायची, स्वतःचं काम स्वतः करायची. पण धान्य संपलं तेव्हा उपास घडू दे, मुलं घट्ट होतील, असं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई म्हणाल्या नाहीत. त्यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. मुलांच्या ताटात भाकरी पडली पाहिजे, एवढंच त्यांना दिसत होतं.

तू राहतेस त्या पेठेतही हेच आहे. जुन्या पुण्यात गरीब मुलं माधुकरी मागून नाहीतर वार लावून जेवायची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ज्या घरचा वार चुकला त्या दिवशी उपास. त्यांचे हाल बघून काही लोकांनी १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह सुरू केलं, आज त्याला पुणे विद्यार्थी गृह म्हणतात. १९५५ पासून विद्यार्थी सहाय्यक समिती खेड्यातून आलेल्या मुलांना राहायला-जेवायला देते आहे. शिकणाऱ्या पोराने उपाशी झोपू नये म्हणून या शहरात कितीतरी माणसांनी आयुष्यं घातली, आणि त्याच शहरात तू ठरवून अर्धा डबा खातेस. मला हे फार लागलं, मुली.

भुकेने माणूस धारदार होतो की बोथट, याची तपासणीही झालेली आहे. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांनी आपण होऊन अर्धपोटी राहायचं कबूल केलं. उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा खायला कसं घालायचं, हे शोधायचं होतं. २४ आठवडे त्यांना निम्म्याच्या आसपास अन्न दिलं. पोरं चिडचिडी झाली, एकलकोंडी झाली. लक्ष लागत नाही म्हणू लागली. डोक्यात दिवसरात्र जेवण. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची. बाकी कशात रस उरला नाही. ती आळशी नव्हती. स्वेच्छेने, चांगल्या कामासाठी आली होती. तरी असं झालं.

दुसरा अभ्यास तर उसाच्या शेतकऱ्यांचा आहे. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांची बुद्धीची चाचणी दोनदा घेतली. एकदा तोडणीआधी, हात तंगीत असताना, आणि एकदा तोडणीनंतर, पैसे हाती आल्यावर. माणसं तीच. पैसे आल्यावर त्यांनी चाचणी चांगली सोडवली. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. संशोधकांनी निष्कर्ष काढला, की पैशाची विवंचना डोक्यातली जागाच व्यापून बसते आणि विचाराला उरलेली जागा कमी पडते. तू दुपारी डबा उघडतेस तेव्हा ‘रात्रीला किती ठेवू’ हा हिशोब करतेस ना? तो हिशोब संध्याकाळभर चालू राहतो. इतिहासाच्या पानावर डोळे असतात तेव्हाही.

त्या अधिकाऱ्यांच्या वाक्याबद्दल. ते खोटं बोलले नाहीत. त्यांनी उपाशी रात्री काढल्याच असतील, आणि माणसाला आपलं दुःख वाया गेलं असं मानवत नाही. म्हणून ते त्याला यशाचं कारण म्हणतात. पण हारतुरे घालून माइक ज्याच्या हाती देतात तो निवड झालेला असतो. तुझ्या कॉटवर तुझ्याआधी जी मुलगी झोपायची, तिनेही उपास काढले असतील. ती गावी परत गेली, तिचा सत्कार झाला नाही, तिला कुणी विचारलं नाही. पुढच्या वेळी सत्काराला गेलीस तर त्या साहेबांना एवढंच विचार, की तुम्ही अभ्यास करत होता तेव्हा पैसे कोण पाठवत होतं? एखादी बहीण, एखादा भाऊ, उसने देणारा मित्र, महिनाभर बिल न मागणारा खानावळवाला, कुणीतरी निघेलच. भाषणात त्याच्यासाठी वेळ उरत नाही, एवढंच.

इथवर लिहिलं, पण मला वाटतं तुझी खरी गाठ वेगळीकडे आहे. तू पत्रात एकट्या आईचं नाव एकदाच घेतलंस, आणि तेही खोटं बोलल्याचं सांगण्यासाठी.

ऊसतोडीत मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून मोजले जातात. पहाटे अंधारात फडात उतरायचं, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची. दुखलं-खुपलं म्हणून घरी बसावं तर खाडा धरतात आणि त्याचे पैसे उलट कापून घेतात. खाडा नको म्हणून बाया काय काय अंगावर काढतात हे तुला मी सांगायला नको. तुमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गेला, समिती नेमावी लागली. हालांमधून यश निघत असतं तर तुझी आई आज कुठे असती? तिच्याएवढे हाल तुझ्या अभ्यासिकेत कुणी काढलेत?

माझ्या वसतिगृहात एक मुलगी होती, तुमच्याच भागातली. डिसेंबरच्या थंडीत गादी गुंडाळून ठेवायची आणि फरशीवर चादर टाकून झोपायची. मी रागावले, समजावलं, ऐकेना. शेवटी एका रात्री म्हणाली, ‘माय कोपीत भुईवर निजती, मला गादीवर झोप येत नाही.’ मला काही बोलता आलं नाही. संक्रांतीनंतर तिची आई एक दिवस भेटायला आली. हातांना पाचटाचे चरे. मी खोली दाखवली तेव्हा तिने गुंडाळलेली गादी बघितली, काही विचारलं नाही, स्वतः ती पसरली, हाताने सारखी केली आणि तिच्यावर बसली. थोडं टेकून पाहिलं. मग लेकीला म्हणाली, ‘एवढ्यासाठीच तर चाललंय समदं.’ त्या रात्रीपासून ती मुलगी गादीवर झोपली.

तुझ्या अर्ध्या डब्यात आईचा वाटा उचलल्याचं समाधान आहे, हे मला कळतं. प्रेमातूनच आलंय ते. पण तू उपाशी राहिलीस म्हणून तिची एक मोळी हलकी होत नाही. तिला कळलं तर मात्र जड होईल.

तर आत्याकडे जा.

तिथे तू मऊ पडशील ही भीती सोड. सोसायट्यांमध्ये पोळ्या लाटून आलेल्या बाईच्या दोन खोल्यांत कुणी ऐषारामात लोळत नाही. अडचणी तिथेही येतील, वेगळ्या. टीव्ही चालू असेल, पाहुणे येतील, आत्याची पोरं असली तर ती भोवती खेळतील, कुणीतरी ‘एवढं शिकून काय होणार’ म्हणेल. म्हणून अभ्यासिकेची जागा सोडू नकोस. सकाळी डबा घेऊन बसने पेठेत ये, अंधार पडायच्या बेताला परत जा. कॉटचे पैसे वाचतील, त्यात पास आणि अभ्यासिका दोन्ही भागतील. आत्याच्या घरातलं एक काम रोज नेमाने अंगावर घे, सकाळची भांडी घे नाहीतर पाणी भर. म्हणजे आयतं खाल्ल्याची टोचणी लागणार नाही आणि तिलाही हात मिळेल. मामांना पहिल्याच दिवशी सांग, की अमुक ते अमुक वेळ मला हाक मारू नका. माणसं प्रेमाची असली तरी हे आधी बोललेलं बरं.

आग विझेल म्हणतेस ना, ती कष्टात वापर. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे, सलग तीन-तीन तास हाताने लिहायचंय. रोज दोन उत्तरं घड्याळ लावून लिही आणि जी मुलगी सगळ्यात निष्ठुरपणे तपासेल तिच्याकडून तपासून घे. गेल्या वेळचे गुण समोर ठेव, कुठल्या विषयाने घात केला तो शोध, आणि नेमका तोच विषय सकाळच्या ताज्या वेळेला घे. हे पोट भरलेलं असतानाही अवघडच जातं. अवघड जाऊ दे.

बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था स्पर्धा परीक्षेच्या मुलांना प्रशिक्षण आणि विद्यावेतन देतात. तुझ्या प्रवर्गाला कुठली लागू होते ते बघ, त्यांच्या संकेतस्थळावर जाहिरात कधी येते यावर नजर ठेव आणि जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर वगैरे कागद आत्ताच काढून ठेव. हे पैसे घेताना मान खाली घालू नकोस. तुझ्या आई-बाबांच्या घामातून या राज्याचे कारखाने चालतात.

आणि एक अवघड गोष्ट. किती प्रयत्न द्यायचे हे आत्ता, शांत डोक्याने ठरव. आत्याशी बोलून एक तारीख ठरव आणि लिहून ठेव. या पेठेत मी अशी मुलं पाहिली आहेत, जी ‘इतकं सोसलंय, आता कसं सोडू’ म्हणत पस्तिशीला पोचली. सोसलेलं कुठे जमा होत नाही, त्यावर व्याजही मिळत नाही. तुझी पदवी आहे, वय चोवीस आहे, दुसऱ्या वाटाही आहेत, आणि त्या कमीपणाच्या नाहीत.

भिंतीवरचा कागद काढून टाक. रविवारी मामांना रिक्षा घेऊन बोलाव, सामान फार नसेलच. आईचा फोन रात्री येतो म्हणालीस. त्या रात्री तिने जेवलीस का विचारलं, की काय काय जेवलीस तेही सांग. तिला ऐकायला आवडेल. आणि रक्ताचा रिपोर्ट पुन्हा कधी काढायचा ते डॉक्टरांना विचारून मला कळव, मी वाट बघतेय.

तुझी,
ताई